बाळ काचेच्या पेटीत, बाळंतीण दुसऱ्या गावात

संगमनेरला माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. आमची लेक बत्तिसाव्या आठवड्यातच झाली. बायकोचं बीपी अचानक चढलं, सकाळपासून डोकं ठणकतंय म्हणत होती, डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली, आणि त्याच दुपारी सिझर करावं लागलं. लेकीचं वजन १ किलो ४८० ग्रॅम. जन्मल्यावर रडली, पण रडणं थांबलं तशी कण्हायला लागली. प्रत्येक श्वासाला बारीक आवाज आणि बरगड्यांखाली खड्डा. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं अजून पिकलेली नाहीत, नाशिकला न्यावं लागेल. बायको इकडे टाक्यांत, बाळ सत्तर किलोमीटरवर आणि मध्ये मी. सत्तावीस दिवसांनी लेक घरी आली. त्या दिवसांत जे शिकलो ते लिहितो आहे. दोन गावांमध्ये दोन गोष्टींची ने-आण सतत चालू ठेवा, एक आईचं दूध आणि दुसरी खरी बातमी. बाकी सगळं त्यामागून जमत जातं.

निघण्याआधीची दहा मिनिटं

त्या दहा मिनिटांत मला काही सुचलं नाही. माझी थोरली बहीण सोबत होती म्हणून निभावलं. तुमच्यावर वेळ आली तर एवढं करा.

डॉक्टरांना सांगा, निघण्याआधी पुढच्या रुग्णालयात फोन करून जागा आहे का विचारा. नुसती जागा नको, बाळाच्या श्वासाला आधार देणारं यंत्र आत्ता रिकामं आहे का, हे विचारायला हवं. दोन ठिकाणी फिरून तिसरीकडे बाळ दाखल झाल्याच्या गोष्टी मी नंतर त्याच वॉर्डाबाहेर बसून ऐकल्या.

चिठ्ठी नीट लिहून घ्या. जन्माची वेळ, वजन, लगेच रडलं का, काय इंजेक्शनं दिली, आईचा रक्तगट, आईचे रिपोर्ट. कमी दिवसांचं बाळ असेल तर आईला बाळंतपणाआधी फुप्फुसं पिकण्याची इंजेक्शनं मिळाली होती का आणि किती, हे तिथे पोचल्या पोचल्या विचारतात. आईच्या रक्ताचा नमुनाही सोबत देतात, तो मागून घ्या. बाळाला रक्त द्यायची वेळ आली तर लागतो.

बाळ आईला दाखवा. हे कोणी सांगत नाही, सगळ्यांना घाई असते. माझ्या बहिणीने सिस्टरला थांबवून लेकीचा पाय बायकोच्या गालाला लावला. पाच सेकंदही नसतील. पुढचे पाच दिवस बायकोजवळ तेवढंच होतं.

१०८ ला फोन लावला की गाडी येते, पैसे पडत नाहीत. गाडीत बाळ गार पडू द्यायचं नाही. डोकं झाकलेलं हवं, कारण एवढ्या बाळाचं अंग डोक्यावाटे पटकन थंड होतं. गरम पाण्याची पिशवी अंगाला लावू नका, कातडी भाजते. आणि श्वास जोरात चालू असेल तर वाटेत चमच्याने काहीही पाजू नका. माझ्या आईने मधाची बाटली पिशवीत टाकली होती, "चाटव जरासा, ताकद येईल." मध वर्षभर कुठल्याच बाळाला द्यायचा नसतो, त्यातून होणारी विषबाधा बाळाच्या जिवावर बेतू शकते.

एक माणूस बाळाबरोबर, एक माणूस बाळंतिणीजवळ, हे आधी ठरवून टाका. बीपीमुळे सिझर झालेल्या बाईला बाळंतपणानंतरही धोका असतो. डोकं दुखणं, अंधारी येणं, पोटात वरच्या बाजूला कळ, झटके, यातलं काहीही झालं तर तिलाही लगेच डॉक्टर हवेत. सगळं घर बाळामागे धावतं आणि तिच्याकडे बघायला कोणी उरत नाही.

पहिली रात्र आणि मापाची वही

नाशिकला पोचल्यावर लेकीला वॉर्मरवर घेतलं, नाकात सीपॅपच्या नळ्या लावल्या. शेजारी पाण्याची बाटली असते, तिच्यात बुडबुडे येत राहतात. बुडबुडे येतात म्हणजे फुप्फुसं मिटू नयेत एवढा दाब पोचतो आहे. मग फुप्फुसात सोडायचं सर्फॅक्टंट नावाचं औषध दिलं. माझ्याकडून तीन ठिकाणी सह्या घेतल्या. सही करायच्या आधी "हे कशासाठी आणि नाही केलं तर काय" एवढं विचाराच. चांगले डॉक्टर दोन वाक्यांत सांगतात. आम्हाला रात्री दीड वाजता सांगितलं.

बाळाच्या हातावर पट्टी असते, तिच्यावर बाळाचं नाव नसतं, "बेबी ऑफ" आणि पुढे आईचं नाव. आधार कार्डावर जसं आहे तसंच आईचं नाव लिहून घ्या. आमच्याकडे एका अक्षराचा फरक पडला आणि पुढे उपचारांच्या सरकारी योजनेच्या कागदात दोन दिवस गेले.

माझ्या खिशात दुकानातली मापांची वही होती. खांदा, छाती, बाही, उंची असे रकाने आखलेली. त्याच वहीत कोऱ्या पानावर मी नवे रकाने पाडले. वजन. दूध किती मिली, किती वेळा. दूध पचलं का, पोट फुगलं का, उलटी झाली का. श्वासाला कशाचा आधार, ऑक्सिजन किती टक्के. आज नवीन काय केलं आणि उद्या काय बघणार. रोज राउंडनंतर डॉक्टरांना हेच पाच प्रश्न, त्याच क्रमाने. तिसऱ्या दिवशी मी दारात दिसलो की डॉक्टर आपणहून सांगायला लागले, "लिहा, तेराशे नव्वद."

वजन आधी उतरतं, याची तयारी ठेवा. आमचं सहाव्या दिवशी १,३५० वर आलं. मला वाटलं, गेलं सगळं. पण सुरुवातीला अंगातलं जास्तीचं पाणी कमी होतं, त्यामुळे हे व्हायचंच असतं. जन्माचं वजन चौदाव्या दिवशी परत आलं आणि मग रोज वीस-तीस ग्रॅमने वाढत गेलं. रोजच्या आकड्याने हुरळायचं नाही आणि खचायचंही नाही, आठवड्याचा कल बघायचा.

मॉनिटरबद्दल एक सांगतो. ऑक्सिजनचा आकडा शंभर दिसला की मला बरं वाटायचं, जसे परीक्षेत शंभर मार्क. एकदा आकडा नव्व्याण्णव होता आणि सिस्टर ऑक्सिजन कमी करत होत्या, तेव्हा मी भांडायला उठलो. त्यांनी शांतपणे सांगितलं, वरून ऑक्सिजन चालू असलेल्या कमी दिवसांच्या बाळाचा आकडा नव्वद ते पंचाण्णवच्या आसपास ठेवतात, जास्त ऑक्सिजनने डोळ्यांच्या पडद्याला इजा होते. आणि यंत्र वाजलं की आधी बाळाकडे बघायचं. पुष्कळदा पायाला लावलेली, आकडा मोजणारी पट्टी सैल झालेली असते.

डॉक्टरांशी घरातल्या एकानेच बोलायचं. चार जणांनी चार वेळा विचारलं की चार वेगवेगळ्या बातम्या घरी पोचतात.

दूध, आणि खरं बोलणं

इथे मी चुकलो, म्हणून सविस्तर लिहितो.

दुसऱ्या दिवशी लेकीचा श्वास दोनदा थांबला. कमी दिवसांच्या बाळांत असं होतं, मेंदूला श्वासाची सवय झालेली नसते. पाय चोळला की परत चालू होतो आणि त्यासाठी कॅफीनचं औषधही देतात. त्या संध्याकाळी बायकोचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "मस्त आहे, झोपली आहे, चार दिवसांत आणतो." दुसऱ्या दिवशी कोणीतरी नातेवाईक तिला भेटायला गेले आणि बोलून गेले. रात्री तिचा फोन. रडत नव्हती. "अहो, मला खरं सांगा. खरं सांगाल तर मी दूध काढत बसेन. खोटं सांगाल तर नुसती रडत बसेन."

त्या दिवसापासून वहीतल्या पानाचा फोटो रोज दुपारी तिला पाठवला. जसंच्या तसं. वाईट दिवस असला तरी.

दुधाचं वेळापत्रक आम्हाला सिस्टरांनी असं दिलं. जन्मानंतर जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर, सहा तासांच्या आत, हाताने चीक काढायला सुरुवात. बाळ जवळ नाही म्हणून थांबायचं नाही. चोवीस तासांत आठ ते दहा वेळा, त्यातली एक वेळ मध्यरात्रीनंतरची. पहिल्या दिवशी थेंबच येतात. बायकोला वाटलं, आपल्याला दूधच नाही. पण एवढ्या बाळाची सुरुवात एका वेळच्या दोन मिलीपासून होते. त्या दोन मिलीसाठी आख्खं घर राबतं. चीक पिवळाजर्द असतो, सिरिंजमध्ये घेतला की हळदीच्या दुधासारखा दिसतो. आमच्याकडे काही जणी चीक फेकून द्या म्हणणाऱ्या आहेत. त्यांचं ऐकू नका, बाळाचं पहिलं औषध तेच असतं.

काढायची रीत अशी. हात धुवायचे, छातीला जरा गरम कापडाने शेकायचं. अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला, काळ्या भागाच्या थोडं मागे. आधी छातीकडे मागे दाबायचं, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे दाबायची, सोडायचं, परत दाबायचं. कातडीवरून बोटं घासायची नाहीत. दुखत असेल तर रीत चुकते आहे, सिस्टरला दाखवा. बाळाचा फोटो समोर ठेवला की दूध लवकर उतरतं. बायको लेकीच्या टोपड्याचा वास घ्यायची. एक टोपडं मी मुद्दाम एक दिवस बाळाच्या डोक्यावर ठेवून संगमनेरला पाठवायचो, दुसरं तिच्या उशाखालून येऊन बाळाजवळ जायचं.

दूध पोचवायचं कसं? शाळेपासूनचा माझा एक मित्र एसटीत वाहक आहे, त्याची ड्युटी नाशिक मार्गावर होती. रुंद तोंडाच्या थर्मासात बर्फ, बर्फात झाकणाची निर्जंतुक डबी, डबीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर आईचं नाव, तारीख, काढल्याची वेळ. सकाळची गाडी सुटायच्या आधी माझी बहीण त्याच्या हातात थर्मास द्यायची, मी नाशिकच्या स्टँडवर उभा. तो प्रवाशांची तिकिटं फाडता फाडता थर्मास मांडीवरून खाली ठेवायचा नाही. आम्हाला सांगितलेला नियम असा होता, बाहेर चार तास, फ्रिजमध्ये चोवीस तास, एकदा गरम केलेलं परत ठेवायचं नाही. डबीवर वेळ नसेल तर सिस्टर दूध घेणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. तुमच्या रुग्णालयाचा नियम वेगळा असेल तर तो पाळा.

आईचं दूध खरंच कमी पडत असेल तर पावडरच्या आधी मातृदुग्धपेढीबद्दल विचारा. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली पेढी सुरू केली, आता अनेक ठिकाणी आहेत. दूध देणाऱ्या आईची रक्ततपासणी होते आणि दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून मगच देतात. आमच्या शेजारच्या पेटीत जुळी होती, त्यांची आई तापाने फणफणलेली. आठवडाभर ती दोघं असल्याच दुधावर होती. त्यांच्या आजीला आधी पटत नव्हतं, "परक्या बाईचं दूध?" माझी आई बाकावर तिच्याशेजारीच बसलेली होती. म्हणाली, "अहो, आपल्या वेळी शेजारीण पाजायचीच की." मधाची बाटली घेऊन आलेली माझी आई ती हीच.

पाचव्या दिवशी बायको नाशिकला आली. त्याच दिवशी घरी पाचवी पुजली, सटवाईपुढे कोरा कागद आणि पेन ठेवलं. मी घरी नव्हतो, पण आईला तसं करू दिलं याचं समाधान आहे. काळा दोरा मात्र आत नेऊ देत नाहीत, काजळही नाही. दोरा बायकोच्या पर्समध्ये राहिला. घरच्यांशी वाद घालत बसू नका. बाळाच्या अंगाला लागणार नाही आणि तोंडात जाणार नाही असं जे असेल ते करू द्या. आत जाताना अंगठ्या, घड्याळ, बांगड्या काढून कोपरापर्यंत हात धुवा. तिथल्या बाळांना सगळ्यात मोठी भीती जंतुसंसर्गाची.

पैसा

पहिल्या रात्री डिपॉझिट भरायला मी दोन शिलाई मशीनवाल्यांकडून पैसे उसने घेतले. ज्या खासगी रुग्णालयात होतो तिथे योजनेबद्दल कोणी आपणहून बोललं नाही, झाडू मारणाऱ्या मावशींनी सांगितलं. म्हणून तुम्ही दाखल होतानाच विचारा.

सरकारी रुग्णालयातल्या नवजात अतिदक्षता कक्षात आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि नेणं-आणणं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली फुकट आहे. जिल्हा रुग्णालयात असा कक्ष असतो. तिथे जागा असेल तर कमीपणा मानू नका. खासगी रुग्णालय महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते बघा. असेल तर आवारात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, बसतात, त्यांना पहिल्याच दिवशी भेटा. रेशनकार्ड, आईबापांचं आधार, बाळाचा जन्माचा दाखला आणि बाळासोबत आई किंवा बापाचा फोटो लागतो. पांढरं कार्ड असलं तरी विचारा. टोल फ्री क्रमांक १५५३८८. योजनेचा कागद आधी मंजूर व्हावा लागतो, बिल झाल्यावर धावून उपयोग नसतो.

धर्मादाय न्यासाची मोठी रुग्णालयं असतात, त्यांनी दहा टक्के खाटा गरीब रुग्णांना मोफत आणि दहा टक्के सवलतीत द्यायच्या असतात. तिथल्या समाजसेवकांना भेटा, उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड न्या.

जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत, आणि ती जिथे जन्म झाला त्या गावी. बाळ नाशिकला असलं तरी आमची नोंद संगमनेरला झाली. नाव ठरलेलं नसलं तरी चालतं, ते नंतर घालता येतं.

छातीशी

आठव्या दिवशी सीपॅप निघाला आणि सिस्टर म्हणाल्या, "बाबा, शर्ट काढा." मला वाटलं, तपासणी आहे. त्यांनी लेकीला नुसत्या लंगोटात आणि टोपड्यात माझ्या उघड्या छातीवर ठेवलं.

याला कांगारू काळजी म्हणतात. कोलंबियात बोगोटाला १९७८ साली डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात पेट्या कमी आणि बाळं जास्त होती, तेव्हा हे सुरू झालं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सांगितलं की कमी वजनाच्या बाळाला ही काळजी शक्य तितक्या लवकर सुरू करावी आणि दिवसाचे आठ ते चोवीस तास द्यावी. म्हणजे पेटीला पर्याय म्हणून सुरू झालेली गोष्ट आता मुळातच उपचार मानतात. तुम्हाला कोणी सांगितलं नाही तर तुम्हीच विचारा, कधीपासून करता येईल.

बाळ उभं, छातीच्या मध्ये, पाय बेडकासारखे दुमडलेले. मान एका बाजूला वळलेली आणि किंचित वर, म्हणजे श्वासनळी दबत नाही. नाक सतत दिसलं पाहिजे. एका वेळी निदान तासभर, सारखं काढायचं-ठेवायचं नाही. बांधायला मी मऊ मलमलचा दुहेरी पट्टा शिवला, दहा इंच रुंद, इलास्टिक न लावता बंदांचा, म्हणजे पोटावर घट्ट बसत नाही आणि रोज उकळत्या पाण्यात धुता येतो. लेकीच्या डोक्याचा घेर तेव्हा साडेअकरा इंच. दुकानात एवढं माप मी कधीच लिहिलं नव्हतं. वॉर्डातल्या बाकीच्या बाळांसाठी उरलेल्या मलमलचे सहा पट्टे झाले.

पहिल्या तासात मी हललोच नाही. तिची नखं राजगिऱ्याच्या दाण्याएवढी, त्यांनी माझ्या छातीवर ओरखडे काढले. तासाभराने मॉनिटरवर श्वास एकसारखा झाला. मग दुपारी बायको, रात्री मी, अशी पाळी लावली. बापांनो, लाजू नका. बायकोचे टाके दुखत होते तेव्हा तीन-तीन तास मी बसलो.

घरी आल्यावर

सत्ताविसाव्या दिवशी १,८१० ग्रॅमवर सोडलं. पहिल्या रात्री यंत्राचा आवाज नाही म्हणून आम्ही दोघं जागे. घरात धुरी नको, शेगडीचा धूर नको, नाकाकानात तेल नको, पाहुणे नकोत. बाळ पाठीवर झोपवायचं. घुटी नाही. आशाताई घरी येऊन वजन आणि ताप बघून जातात, त्यांना दार उघडा. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत घरोघर जाऊन बाळं वाचवण्याचं जे काम केलं, त्यातूनच ही पद्धत देशभर आली आहे.

ताबडतोब रुग्णालयात न्यायची लक्षणं मी भिंतीवर लिहून ठेवली होती. दूध ओढायचं थांबलं. मिनिटाला साठहून जास्त श्वास, तोही पूर्ण मिनिट मोजून. बरगड्यांखाली खड्डा. अंग गरम किंवा तळवे गार. तळहात-तळपाय पिवळे. झटके. उठवूनही न उठणं. यातलं एक दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही.

लसी जन्मतारखेप्रमाणे द्यायच्या. पण बसणं, रांगणं मोजताना आधी आलेले आठवडे वजा करायचे. शेजारच्या बाळाशी तुलना केली तर उगाच जीव टांगणीला लागतो. कानांची तपासणी करून घ्या.

आणि डोळे. चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोखालच्या बाळाच्या डोळ्याचा पडदा जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत तपासायचा असतो, अगदी लहान बाळाचा त्याहून आधी. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्या तर दृष्टी कायमची जाऊ शकते. बाहेरून डोळा छान दिसतो, बाळ हसतं, आणि म्हणून लोक पुढची तारीख चुकवतात. वेळेत कळलं तर लेझरने थांबवता येतं. आमची पहिली तपासणी रुग्णालयातच चोविसाव्या दिवशी झाली, मग दर दोन आठवड्यांनी नाशिकची फेरी. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालतात, बाळ खूप रडतं, त्याआधी थोडा वेळ दूध द्यायचं नाही. मी तिचं डोकं धरायचो आणि बायको पाय. तिसऱ्या फेरीला डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिन्या पडद्याच्या कडेपर्यंत पोचल्या, आता या तपासणीला यायचं कारण नाही. ती तारीख वहीत लिहिली. परतीच्या गाडीत माझा तोच मित्र वाहक होता. त्याने पुढची सीट दिली आणि सिन्नर यायच्या आत लेक अंगावर पिऊन झोपली.